अभ्यासिकेतल्या पोरांसाठी दोन लाख आलेत. व्याख्यान ठेवायचं की दुसरं काही?

पायरीवरचा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, 'ब' वर्ग. बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, मी तिथे चिटणीस आहे. कादंबऱ्या नेणारे सभासद आता बोटांवर मोजावेत इतके उरलेत. वरच्या मजल्यावर मात्र चौसष्ट खुर्च्यांची अभ्यासिका आहे आणि तिची प्रतीक्षायादी शंभराच्या पुढे. महिना तीनशे रुपये. पहाटे साडेपाचला कुलूप उघडलं नाही तर पोरं जिन्यावर बसलेली असतात. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक, रेल्वे, जे निघेल ते.

गावातल्या एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ दोन लाख दिले. म्हणाले, "मुलांचं टेन्शन कमी होईल असं काहीतरी करा." कार्यकारिणीत पाच मिनिटांत ठरलं: पुण्याहून प्रेरणादायी वक्ते बोलवायचे. मानधन, गाडी, मांडव, फ्लेक्स धरून दीड लाखात बसतं, उरलेल्यात अल्पोपाहार. मी एकट्याने महिनाभराची मुदत मागून घेतली. त्याचं कारण सांगतो.

दिवाळीआधी टेबलं रंगवायला काढली होती. एक्केचाळीस नंबरच्या टेबलावर चार वर्षं बसणारा मुलगा श्रावणात न सांगता जागा सोडून गेला होता. त्याच्या टेबलाच्या फळीखाली, आतल्या अंगाला, चिकटपट्टीने लावलेला कागद निघाला. मला वाटलं वेळापत्रक असेल. दोनच रकाने होते, डावीकडे साल, उजवीकडे वय. २०२१ – २४, २०२२ – २५, असं करत २०३५ – ३८, आणि त्याखाली जाड रेघ. मधेमधे बारीक अक्षरात 'ताईचं लग्न', 'बाबा ६०', 'पीककर्ज'. गेलेल्या वर्षांवर फुल्या. (ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३.)

मुलगा सुखरूप आहे. मी फोन केला, वाळूजला कंपनीत लागलाय. म्हणाला, "काका, तो कागद फाडून टाका." मी फाडलेला नाही.

तर प्रश्न असा, की टेबलाखाली असा कागद लावून बसणाऱ्या पोराला दीड तासाच्या व्याख्यानाने काय होणार? आणि व्याख्यान नाही तर मग काय? संस्था लहान आहे. एक ग्रंथपाल, एक शिपाई, आणि आम्ही नऊ म्हातारे.

सडेतोड

व्याख्यान ठेवा. निदान तेवढा वेळ पोरं खुर्चीतून उठतील.

बाकी टेन्शन कुणाला नव्हतं? १९८३ साली मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घातलं, तीन वर्षांनी कॉल आला. तोवर मामाच्या दुकानात गूळ विकला. आमच्यासाठी कुणी दोन लाख काढले नव्हते.

पेठेतला_मुक्काम

सडेतोड काका, तुमच्या त्या कार्डावर नंबर तरी होता. रांग पुढे सरकतेय एवढं दिसत होतं.

मी पुण्यात नवी पेठ-सदाशिव पेठेत सहा वर्षं काढली. कॉट बेसिसवर खोली, खाली मेस, कोपऱ्यावर अभ्यासिका. दोन परीक्षार्थींना विचारलंत तर तीन कारणं सांगतील, पण माझ्या टेन्शनचं मूळ अभ्यासात नव्हतंच. अभ्यास आपल्या हातात असतो, तारीख नसते.

२०२४ची राज्यसेवा पूर्व घ्या. आधी एप्रिलअखेर होती. आरक्षणाचा बदल झाला म्हणून जुलैत गेली. जुलैतून २५ ऑगस्ट. त्याच दिवशी आयबीपीएसची, म्हणजे बँकभरतीची, क्लार्कची परीक्षा आली, म्हणजे दोन्ही फॉर्म भरले असतील त्याने एकावर पाणी सोडायचं. शास्त्री रस्त्यावर पोरं येऊन बसली. परीक्षा तीन दिवसांवर असताना आयोगाने ती पुढे ढकलली आणि झाली १ डिसेंबरला. आमच्या रूमवर चौघं होतो. प्रत्येक नव्या तारखेला रिव्हिजनचं वेळापत्रक नवं, आणि प्रत्येक वेळी घरी तोच फोन: "आई, अजून चार महिने." चौथ्या वेळी वडील म्हणाले, परीक्षा खरंच असते ना रे? त्यांची चूक नव्हती. ऐकणाऱ्याला थापच वाटणार.

त्याआधी वर्णनात्मक पॅटर्न, म्हणजे मुख्य परीक्षेत पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. २०२३पासून लागू म्हणाले, फेब्रुवारीत अलका चौकात आंदोलन झालं, मग २०२५पासून. त्यात आमच्यातच फूट होती. ज्यांनी क्लास लावून लिहिण्याची तयारी केली होती, ते म्हणायचे आत्ताच हवं. मी दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस बसलो, हे आज कबूल करतो.

उलट, सप्टेंबर २०२५मध्ये अतिवृष्टी झाली आणि २८ तारखेची पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरला नेली, तेव्हा कुणी फारसं कुरकुरलं नाही. रस्ते वाहून गेलेत हे सगळ्यांना दिसत होतं. पुढे ढकलल्याचा राग येत नाही हो. राग येतो तो का ढकललं आणि कुठवर, हे न कळल्याचा.

माझं सुटलं कसं तेही सांगतो. एकतिसाव्या वर्षी अभ्यासिकेच्या मालकाने मला बसवून विचारलं, "पूर्वपरीक्षेचे मार्क कुठे लिहून ठेवतोस का?" ठेवत होतो. वही दाखवली. कटऑफशी चार वर्षांचं अंतर लावून बघितलं तर दरवर्षी तितकंच होतं. तो एवढंच म्हणाला, "तू मठ्ठ नाहीस. पण हे अंतर हलत नाहीये." रात्री भरपूर रडलो. महिन्याभरात सामान आवरलं. आता बार्शीला शेतमालाच्या एका कंपनीत हिशेब बघतो. अडीच वर्षं आधी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगणारे क्लासवाले असतात आणि पुढच्या बॅचची फी त्यांना घ्यायचीच असते.

सज्जा_बारा

वरच्या प्रतिसादाला +१. मी दुसऱ्या टोकावरून बोलतो, कारण माझी निवड झाली.

तलाठी २०२३. (आता आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठी आप्पाच.) जाहिरातीत ४,६४४ जागा, अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे दोनशेहून जास्त जणांत एक. फी खुल्याला हजार, राखीवला नऊशे. पेपर अनेक शिफ्टमध्ये, मग सामान्यीकरण (सोप्या-अवघड शिफ्टचे गुण एका पातळीवर आणणं), त्यात दोनशेच्या पेपरात एकाला २१४ गुण पडले. त्यावर विनोद खूप झाले, पण ज्याचं दोन मार्कांनी गेलं त्याला हसू आलं नसणार. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांहून जास्त अर्ज. शंभरात एक, वर ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, वेगळं.

माझ्या वाचनालयाने माझा सत्कार केला. हार, शाल, गेटवर फ्लेक्स. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते ते तिघं माझ्याच ओळीत बसणारे होते. एक तर माझ्याहून हुशार, गणितात मी त्याच्याकडूनच शिकलो. मी भाषणात म्हणालो, "प्रामाणिक कष्ट केले की यश मिळतंच." खुर्च्या मांडणाऱ्या तिघांसमोर म्हणालो. ते वाक्य अजून टोचतं.

पायरीवरचे काका, सत्कार बंद करा असं म्हणत नाही, पोरांना त्याची हौस असते. पण तुमच्या अभ्यासिकेची रजिस्टरं असतीलच. दहा वर्षांत किती जण बसले, किती लागले, किती वर्षं लागली आणि न लागलेले आज काय करतात, हे एका फलकावर लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सध्या गावात दोनच गोष्टी ऐकू येतात, 'अमका पीएसआय झाला' नाहीतर 'तमका वाया गेला'. मधले नव्वद जण कुठे गेले हे कुणाला माहीतच नसतं.

पायरीवरचा

@सज्जा_बारा: रजिस्टरं आहेत, २०१४पासूनची. हे डोक्यातच आलं नव्हतं. ग्रंथपालांना सांगतो.

रेवती_के

मी समुपदेशक आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

पहिली म्हणजे काळजी. नोकरीचं काय होणार, घर कसं चालणार. ही काळजी बरोबरच आहे, ती आजार नाही, तिला औषध नको. वरच्या दोघांनी सांगितलं तशी खरी माहिती मिळाली आणि हातात थोडे पैसे आले की ती पुष्कळ उतरते. अशा मुलाला 'सकारात्मक विचार कर' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'चालून बघ' म्हणणं.

दुसरी गोष्ट वेगळी. दोन आठवड्यांवर झोप नाही, जेवण सुटलंय, मित्रांत जात नाही, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. इथे वाट बघायची नाही. शेजारी बसून सरळ विचारायचं, "मरणाचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना हलकं वाटतं. मग त्याला एकटं न सोडता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

एक बारीकशी सूचना. हा नंबर जिन्यात मोठ्या फलकावर लावू नका, तिथे थांबून टिपून घ्यायला पोरं लाजतात. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा.

आणि तुमच्याकडे मुलांना रोज बघणारा माणूस कोण? विश्वस्त नव्हे. तुमचा शिपाई. प्रशिक्षण द्यायचं तर आधी त्याला द्या.

सडेतोड

मरणाच्या गोष्टी विचारायला शिपायाला शिकवायचं. छान. शिपायाचा पगार किती, विचारलंत का?

रेवती_के

विचारण्यासारखाच प्रश्न आहे. त्या दोन लाखांतून त्याला या कामाचे वेगळे पैसे द्या, फुकटात करवू नका.

डब्याची_लेक

माझी आई पुण्यात मेस चालवते, बावीस वर्षं झाली. हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिही.

"पोरगं दोन दिवस डबा न्यायला आलं नाही की मी फोन लावते. पहिल्या दिवशी नाही लावत, गावी गेलं असेल. निकालाच्या आठवड्यात एका दिवसातच लावते. उचलला नाही तर शेजारच्या खोलीतल्या पोराला पाठवते. पैसे थकले की पोरं मेस बदलतात, लाजेनं. म्हणून मी महिना भरायच्या तारखेला गल्ल्यावर बसतच नाही, डबा ठेवते. कुणी किती टाकले बघत नाही. बुडतात थोडे. एक फौजदार झालेला येऊन तीन वर्षांचे देऊन गेला. दोघं आलेच नाहीत, जाऊ दे."

मी विचारलं, तुला कुणी शिकवलं हे? म्हणाली, २०२०ला लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं गावी गेली, खोलीभाडं मात्र चालूच. परत आली ती अर्धी झालेली. तेव्हापासून लक्ष ठेवते.

हिंजवडीकर

विषय स्पर्धा परीक्षांचा चाललाय, पण खासगीतलंही सांगते. मी एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे, नाव नको. एका वर्षी आम्ही कॉलेजांतून पोरं निवडली, ऑफर लेटर दिली आणि मग रुजू करून घ्यायला नऊ महिने लावले. कामच नव्हतं. वरून सूचना होती, 'काही कळवू नका, चुकीचा संदेश जाईल.' पोरांचे मेल यायचे: "मॅडम, एवढं सांगा, दुसरीकडे बघू का?" उत्तर द्यायची मला परवानगी नव्हती. त्याच काळात कंपनीत मानसिक स्वास्थ्य सप्ताह झाला. श्वासावर लक्ष कसं केंद्रित करायचं याचं वेबिनार मी स्वतः आयोजित केलं. शपथेवर सांगते, विनोद करत नाहीये.

पुढच्या वर्षी आमच्या नव्या प्रमुखांनी एकच नियम केला. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला मेल जाणार. सांगण्यासारखं काही नसेल तर 'या महिन्यात निर्णय झालेला नाही, पुढचा मेल एक तारखेला' एवढंच. तीन ओळी. फोन निम्म्यावर आले. काही पोरांनी ऑफर सोडून दुसरीकडे नोकरी धरली, आणि ते बरंच झालं. निदान त्यांना वेळेत ठरवता आलं. याला खर्च किती? शून्य.

कागदी_घोडा

मंत्रालयात होतो, आता सुटलो. हिंजवडीकर ताईंचं पटलं, पण सरकारी यंत्रणेत गाडी कुठे अडते तेही बघा. आयोग स्वतःहून जागा काढत नाही. खात्यांनी मागणीपत्र द्यायचं, त्यात आरक्षणाची बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या गटाची, त्याचा तक्ता) तपासून यायची, ती अडली की जाहिरात अडली. २०२१च्या जूनअखेरीस मुलाखतीची वाट बघणाऱ्या एका तरुणाने पुण्यात आयुष्य संपवलं. त्यानंतर आयोगावरच्या सदस्यांच्याच जागा रिकाम्या असल्याचा विषय विधिमंडळात गाजला. मुलाखत घेणारे पुरेसे नसतील तर मुलाखती होणार कशा? वर बसलेल्याला ही फाइल वाटते, खाली तिचं एकेक वर्ष होतं.

यूपीएससीचं वेळापत्रक आदल्या वर्षीच येतं आणि करोना किंवा लोकसभा निवडणूक आडवी आली नाही तर सहसा पाळलं जातं. त्यांची आणखी एक गोष्ट चांगली आहे. मुलाखतीपर्यंत जाऊन यादीत न आलेल्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, इतर नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करायची. २०१८ला सुरू केलं, आता 'प्रतिभा सेतू' नावाचं पोर्टल आहे. एक-दोन मार्कांनी राहिलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही, निदान तशी सोय तरी आहे. वाचनालयाच्या पातळीवर हेच लहान प्रमाणात जमेल का?

गल्लीतली_पतसंस्था

जमेल. मी एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. एमपीएससी केलेली पोरं लेखनिक म्हणून फार चांगली. अर्ज नीट लिहितात, टक्केवारी तोंडपाठ, सहकार कायद्याची कलमं आमच्या संचालकांना सांगतात. तक्रार एकच, जाहिरात निघाली की रजा टाकून गायब.

म्हणून मी आता अर्धवेळच ठेवतो. दुपारी बारा ते चार, आठ हजार. सकाळ-संध्याकाळ अभ्यासिका त्यांची. परीक्षेआधी महिनाभर बिनपगारी सुट्टी, हे आधीच कागदावर. दोघं आहेत सध्या. एकाच्या वडिलांनी फोन करून विचारलं, "साहेब, पोरगं सुधारलं का?" पोरगं बिघडलं कधी होतं?

यात नवीन काही नाही. कर्मवीर अण्णांनी कमवा आणि शिका सांगून किती काळ लोटला. आपण ते वसतिगृहातल्या मुलांपुरतं ठेवलं आणि पंचविशीनंतरच्यांना विसरलो.

कागदी_घोडा

सरकारने २०२४ला युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली होती की. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. सहा महिने, मग पाच वाढवले. पोरं कार्यालयांत राबली आणि मुदत संपल्यावर पुन्हा रस्त्यावर, 'आम्हाला कायम करा' म्हणत. शेवट न ठरवता सुरू केलेल्या कामाने काळजी वाढते. पतसंस्थावाले शेवट आधीच कागदावर आणतात, म्हणून त्यांचं चालतं.

शोधयात्री

थोडा वेगळा सूर लावतो. गडचिरोलीच्या शोधग्रामात 'सर्च' या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ला सुरू केलेला. मी त्या शिबिरांना गेलो होतो. तिथे मला पहिल्यांदा कुणी विचारलं की तुला अधिकारी व्हायचंय ते लाल दिव्यासाठी की कामासाठी? आणि कामासाठी असेल तर ते काम दुसऱ्या कुठल्या दाराने करता येईल? माझी भीती कमी झाली ती या प्रश्नाने. दार एकच आहे असं वाटत राहिलं की माणूस त्याच्यावर डोकं आपटतो.

पेठेतला_मुक्काम

@शोधयात्री: मान्य, आणि 'निर्माण'बद्दल आदरही आहे. पण तिथे निवडून घेतलेली, घरून थोडीफार मोकळीक असलेली मुलं जास्त. आमच्या रूमवरचा एक जण पाच एकर कोरडवाहूचा वारस, लग्नाचं वय टळलेलं. त्याला नोकरी हवी ती कामासाठीही नाही आणि दिव्यासाठीही नाही. नोकरीशिवाय मुलगी मिळत नाही म्हणून. त्याला उद्देश विचारून बघा, हसेल.

शोधयात्री

हसू दे. हसल्यावर बोलेल तरी. पण मुद्दा पोचला.

खिडकीजवळची_खुर्ची

इतका वेळ नुसतं वाचत होते. सगळ्यांच्या बोलण्यात पोरंच आहेत म्हणून लिहिते.

मी लातूरला अभ्यासिकेत बसते. मुलींसाठी वेगळी खोली, बारा खुर्च्या. तुमच्या एक्केचाळीस नंबरवाल्याच्या कागदावर २०३५पर्यंत ओळी होत्या. माझ्या कागदावर दोनच असत्या. पदवीनंतर दोन वर्षं दिलीत, तेवढ्यात पोस्ट निघाली तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. म्हणजे परीक्षा सहा महिने पुढे गेली की मुलाचे सहा महिने जातात, माझा पाव हिस्सा जातो. कायद्याने मलाही ३८पर्यंत मुभा आहे, घरात नाही.

अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असते, आम्हाला सातला निघावं लागतं, शेवटची बस साडेसातची. सकाळी पहिली बस आठला. सकाळच्या त्या अडीच तासांचं, रात्रीच्या त्या चार तासांचं कोणी धरतच नाही. काका, दोन लाखांत काय करायचं विचारताय तर रिक्षावाल्याशी बोला. रात्री नऊला सहा मुलींना घरापर्यंत सोडायचं, महिन्याचं ठरवून. वक्ते नकोत.

आणि जमलं तर एक करा. वाचनालयाच्या लेटरहेडवर मुलींच्या घरी पत्र पाठवा की मुलगी नियमित येते, चाचणीत इतके मार्क आहेत. माझं म्हणणं घरी चालत नाही. शिक्का असलेला कागद चालतो.

डब्याची_लेक

आईला हे वाचून दाखवलं. काही बोलली नाही. नंतर म्हणाली, तिला सांग पुण्याला आलीस तर जेवायला ये.

सडेतोड

पत्राची कल्पना चांगली आहे.

(१९८६ला कॉल आला तेव्हा ते पत्र वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तीन वर्षं माझ्याशी नीट बोलले नव्हते. गुळाचं गमतीने लिहिलं, तशी गंमत नव्हती.)

पायरीवरचा

मंडळी, कालच्या बैठकीचं सांगतो. सगळं मनासारखं झालं नाही.

वक्ते रद्द. त्यावर एक सदस्य रुसले आहेत, त्यांनीच नाव सुचवलं होतं. देणगीदारांना मी तो कागद नेऊन दाखवला, नाव झाकून, मुलाची परवानगी घेऊन. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, तुम्हाला पटेल ते करा, फक्त वडिलांच्या नावाची पाटी लावा. पाटी लावू.

रिक्षा मंजूर, सहा नव्हे आठ मुली आहेत. दहा महिन्यांचे पैसे बाजूला काढले. शिपायाला महिना दोन हजार वेगळे आणि रेवतीताईंनी सुचवलं तसं प्रशिक्षण. तो म्हणाला, "साहेब, कोण कधीपासून गप्प झालंय ते मला माहीतच असतं, तुम्ही कधी विचारलं नाही." १४४१६ दारांना आतून चिकटवला.

घरी पत्र पाठवायचं, पण ज्याला-जिला हवं असेल त्यांनाच. एका मुलाने हात जोडून सांगितलं, माझ्या घरी पाठवू नका, चाचणीचे मार्क कळतील.

अर्धवेळ कामाचं मी व्यापारी संघाशी बोललो. अडत्यांपैकी दोघे तयार झाले. एकाने विचारलं, "पोरगं पोती मोजेल का?" मी म्हटलं, हिशेब मोजेल.

रजिस्टरांचं काम चालू आहे. ग्रंथपालांनी २०१४ ते २०१९ची नावं काढली, तीनशे बारा. सरकारी नोकरीत लागलेले एकोणतीस. उरलेल्यांना आम्ही फोन करतोय, आतापर्यंत एकशे चाळीस फोन लागले. एक जण दूध संघात सुपरवायझर, एक जण शाळेची व्हॅन चालवतो, एकीची नर्सरी आहे रोपांची, तिघं पुण्यात क्लासमध्ये शिकवतात (काय म्हणावं!). बरेच जण सुरुवातीला बोलायला तयार नसतात. वाचनालयाचं नाव सांगितलं की त्यांना वाटतं फी थकली असेल.

फलकाला कार्यकारिणीतून विरोध आहे. म्हणे, मुलं निराश होतील आणि प्रतीक्षायादी ओसरेल. मी म्हटलं, ओसरली तर ओसरली. निर्णय पुढच्या बैठकीत.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'वही बघू' ठेवलंय. पेठेतला_मुक्काम बार्शीहून येतो म्हणाले, पहिला रविवार त्यांचा. मार्कांची वही घेऊन यायचं, एकेकट्याशी बोलणं, दार लावून. सूचना अशी लावली आहे:

'मार्कांची वही घेऊन या. भाषण नाही. नाव, वय, परीक्षा व प्रयत्नांची संख्या खालील तक्त्यात लिहावी.'

काही सुधारणा सुचवा.

खिडकीजवळची_खुर्ची

काका, तक्ता सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर आहे ना? वयाचा रकाना काढा.

पायरीवरचा

काढला. प्रयत्नांचाही काढला.